मोनिकेचे अश्रू

संत ऑगस्टीनची माता मोनिका कॅथलिक कुटुंबांत मातांचा आदर्श ठरली आहे. पुत्रासाठी तिने ढाळलेले अश्रू तेवढे भाविकांच्या स्मरणात राहतात. ऑगस्टीनचा ‘कन्फेशन्स’ हा ग्रंथ मात्र अधिक कठोर आहे. विद्येस अडथळा नको म्हणून तिने आपला विवाह लांबणीवर टाकला, हा दोष तो स्पष्ट नोंदवितो. ३८३ साली तिला फसवून तो रोमला निघाला, त्या प्रसंगीही तिच्या मायेतील आसक्तीवर बोट ठेवतो. मानीच्या पंथात शिरलेल्या या पुत्राशी वाद घालण्याची तिची विनंती एका बिशपाने नाकारली होती. पूर्वी स्वतःच त्या पंथात वाढलेल्या त्या बिशपाच्या मते वाचनातूनच मुलाला चूक उमगणार होती. पालकांच्या उपयोगाचे आहे ते या नकारात. पण (आश्चर्य असे की) स्मरणात राहिले ते अश्रूच.