झिल्फाची झोपडी

थोरोचे 'वॉल्डन' (१८५४) दुर्गा भागवतांनी मराठीत आणले. आपला पांढरपेशा वाचक त्यातली रानातली झोपडी आठवतो, झिल्फा त्याला आठवत नाही.

४ जुलै १८४५ला थोरो तळ्याकाठी राहायला गेला. झोपडीला २८ डॉलर साडेबारा सेंट लागले. पैन् पैचा हिशोब आहे. जमीन मित्राची, एमर्सनची, म्हणून तिचे मोल त्यात नाही.

याच पुस्तकात 'पूर्वीचे रहिवासी' येतात. गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसे त्या रानाच्या कडेला राहत होती. गावाने त्यांना जागा दिली ती एवढीच. झिल्फा गावासाठी सूत कातून एकटी जगली. १८१२च्या युद्धात पॅरोलवरच्या इंग्रज सैनिकांनी तिची झोपडी जाळली. मांजर, कुत्रा, कोंबड्या, सारे जळाले. थोरोने हे नोंदवले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. पण दोन वर्षे दोन महिन्यांनी तो गावात परतला. झिल्फाला परतायला गाव कुठे होते? तिच्या एकांताला कोणी तत्त्वज्ञान म्हटले नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या वाचकाने हे पुस्तक याच प्रकरणापासून वाचावे.

ब्रिस्टर फ्रीमन या मुक्त गुलामाने लावलेली सफरचंदाची झाडे थोरोच्या वेळी उभी होती. त्यांची फळे थोरोला रानटी चवीची लागली.