‘पॉइंट’ म्हणजे काय? माथेरान, इटलीतल्या टेकड्या आणि पाहणाऱ्याची जागा

आजचं व्याख्यान टीकेचं आहे. ही टीका पुस्तकावर नाही, एका शब्दावर आणि त्यामागच्या पाहण्याच्या सवयीवर आहे. शब्द आपल्या रोजच्या वापरातला आहे: ‘पॉइंट’. माथेरानला गेलेला माणूस परत आला की आपण विचारतो, किती पॉइंट झाले? घोडेवाला दर सांगतो तोही पॉइंट मोजून. डोंगर अख्खा समोर असतो, पण आपण तो सुटा सुटा विकत घेतो. हे कधीपासून सुरू झालं, आणि यात आपण काय गमावलं, असा आजचा प्रश्न आहे.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. नाव सरळ आहे. आता वरच्या जागांची नावं बघा: लुईझा, शार्लट, अलेक्झांडर, हार्ट, पॅनोरमा, एको. ही पाहणाऱ्यांची नावं आहेत, किंवा पाहणाऱ्याला तिथे काय मिळतं त्याची. याउलट ‘चौक पॉइंट’ हे नाव खाली दिसणाऱ्या गावाचं आहे. या एका फरकात आजचा बराचसा विषय आहे. पहिल्या प्रकारच्या नावात उभा राहणारा मोठा. दुसऱ्या प्रकारात जे दिसतं ते मोठं.

माथेरानचा ‘शोध’ १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी लावला, असं आपण लहानपणापासून वाचत आलोय. मॅलेटसाहेबांचा मुक्काम चौक गावी होता. तिथून ते वर चढले, आणि गावचा पाटील त्यांच्या बरोबर होता. म्हणजे ज्याला वाट ठाऊक होती तो माणूस बरोबर असताना शोध लागला! धनगर, ठाकर, कातकरी या डोंगरावर आणि त्याच्या कुशीत वावरतच होते. मॅलेटसाहेबांना जे सापडलं ते रान नव्हतं. रानाकडे पाहण्याची एक जागा त्यांना सापडली.

ही जागा ओळखायची दृष्टी साहेबांकडे कुठून आली? त्यासाठी इटलीत जावं लागेल. सतराव्या शतकात क्लोद लोरँ नावाचा फ्रेंच चित्रकार रोममध्ये राहून रोमभोवतीच्या प्रदेशाची चित्रं काढत होता. बाजूला गर्द झाडं, मध्ये पाणी किंवा पडका पूल, मागे निळसर होत जाणाऱ्या टेकड्या, आणि पुढे अगदी चिमुकले गुराखी. अठराव्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत घराण्यांतली मुलं शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून इटलीचा प्रवास करत आणि ही चित्रं घरी आणत. हळूहळू इंग्रजांना आपल्याच देशातल्या टेकड्या त्या चित्रांसारख्या दिसल्या तरच सुंदर वाटू लागल्या. ‘पिक्चरेस्क’ हा इंग्रजी शब्द ज्या इटालियन शब्दावरून घडला त्याचा अर्थच मुळी ‘चित्रकाराच्या धाटणीचं’ असा आहे. पुढे तर प्रवासी एक छोटा, काळसर, फुगीर आरसा जवळ ठेवत. त्याला क्लॉड आरसा म्हणत. दृश्याकडे पाठ करायची आणि आरशात ते चित्रासारखं बघायचं. आज आपण दरीकडे पाठ करून मोबाइलमध्ये स्वतःसकट दरी बघतो, तेव्हा आपण फार आधुनिक वगैरे काही करत नसतो.

तर ही शिकवलेली नजर घेऊन साहेब सह्याद्रीत आला, आणि कड्यावर जिथे जिथे चित्र ‘जमतं’ तिथे तिथे पॉइंट झाला. पुढे १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर आणली आणि ती नजर मुंबईकरांच्या आवाक्यात आली. गाडीबद्दल माझी तक्रार काहीच नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. दोन प्रसंग सांगतो, दोन्ही प्रसिद्ध आहेत.

पहिला इटालियन कवी पेत्रार्कचा. २६ एप्रिल १३३६ रोजी आपण व्हाँतू डोंगर चढलो, असं त्याने एका पत्रात लिहिलंय. डोंगर फ्रान्सच्या दक्षिणेतला. केवळ माथ्यावरून बघावं म्हणून डोंगर चढणारा हा पहिला आधुनिक माणूस, असं त्याचं कौतुक होतं. माथ्यावर त्याने संत ऑगस्टिनचं पुस्तक उघडलं आणि बाहेर काय बघतोस, आत बघ, असा बोध घेतला. हे सगळे सांगतात. पण त्याच पत्रात चढाच्या सुरुवातीला एक म्हातारा मेंढपाळ भेटतो. तो म्हणतो, मी तरुणपणी वर गेलो होतो, अंगावरचे कपडे फाटले आणि दमणूक झाली, दुसरं काही मिळालं नाही, जाऊ नका. पेत्रार्क त्याचं ऐकत नाही आणि पुढे जातो.

दुसरा प्रसंग कांटच्या १७९० सालच्या ग्रंथातला, ज्यात तो सौंदर्याचा आणि उदात्ताचा विचार करतो. कांट म्हणतो, उंच कडे, गडगडणारे ढग, वादळ हे सगळं आपल्याला उदात्त वाटतं, पण एका अटीवर: आपण स्वतः सुरक्षित असलो पाहिजे. त्याच ग्रंथात आल्प्सच्या सॅव्हॉय भागातला एक शेतकरी येऊन जातो. तो बर्फाच्या डोंगरांवर भाळणाऱ्यांना खुशाल मूर्ख म्हणतो. कांट त्याला भला आणि शहाणा माणूस म्हणतो, पण उदात्त कळायला मनाची मशागत लागते आणि ती त्याच्याकडे नाही, असं त्याचं म्हणणं.

मेंढपाळ, शेतकरी आणि आपला चौकचा पाटील. तिघंही दृश्याच्या उंबरठ्यापर्यंत येतात, आणि दृश्य सुरू झालं की गोष्टीतून नाहीसे होतात. माझा मुद्दा असा की हा अपघात नव्हे. ‘पॉइंट’ या कल्पनेची ती गरज आहे. दृश्य हे दृश्य राहायचं असेल तर त्यातल्या माणसाने आपल्याकडे वळून बघता कामा नये. क्लोदच्या चित्रातल्या गुराख्यासारखं त्याने चिमुकलं, गप्प राहावं.

आता तुम्ही म्हणाल, सर, माणूस दोन दिवस हवा खायला जातो, त्याला कशाला हे ओझं? रास्त आहे. पण कांटची ती अट पुन्हा ऐका: आपण सुरक्षित असलो पाहिजे. माथेरानच्या दक्षिण टोकाकडून, वन ट्री हिलच्या बाजूने, इर्शाळगड दिसतो. सुळका, त्यातलं नेढं, पावसाळ्यात वरून ओघळणारे ढग. शेकडो लोकांनी त्याचे फोटो काढलेत. त्या गडाच्या अंगावर ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, जड यंत्रं वर नेता आली नाहीत, बचावाची माणसं चिखलातून चढून गेली आणि हातांनी माती उपसत राहिली. कित्येक माणसं त्या मातीतून बाहेर आलीच नाहीत.

तोच पाऊस, तोच कडा. कठड्यामागून बघणाऱ्याला उदात्त आणि खाली झोपलेल्याला मरण. सॅव्हॉयच्या शेतकऱ्याला मशागत नव्हती असं कांट म्हणतो. मला वाटतं, त्याच्याकडे कांटपेक्षा वेगळं ज्ञान होतं. डोंगर खाली येऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं. ज्या सौंदर्यविचारात हे ज्ञान अडाणीपणा ठरतं, तो विचार अपुरा आहे.

आणि पॉइंटपर्यंत आपण पोचतो कसे? माथेरानमध्ये मोटारी नाहीत, ही तिथली खरी श्रीमंती. पण म्हणूनच अनेक दशकं माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून ओढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ओढणाऱ्याची पाठ पर्यटकाच्या अगदी डोळ्यांसमोर होती. तरी ‘काय पाहिलंत?’ या प्रश्नाच्या उत्तरात ती कधी आली नाही.

मग पॉइंट नकोतच का? असं मी म्हणत नाही. इटलीतलीच आणखी एक टेकडी आठवा. रेकानाती गावाजवळच्या टेकडीवर कवी लेओपार्दी बसायचा. १८१९ च्या सुमारास त्याने तिच्यावर पंधरा ओळींची कविता लिहिली, तिचं नाव ‘अनंत’. गंमत म्हणजे त्या टेकडीवरून त्याला क्षितिज नीट दिसत नाही, मध्ये झुडपांचं कुंपण येतं. ते अडवतं म्हणूनच पलीकडच्या अनंताचा विचार सुरू होतो. माथेरानला जुलैत गेलेले लोक कुरकुरतात, धुकं होतं, एकही पॉइंट दिसला नाही, पैसे फुकट गेले. मी म्हणतो, त्या दिवशी पॉइंट बंद असतो आणि डोंगर उघडा असतो. लाल मातीचा वास येतो, पानांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येतं, पिसरनाथाच्या देवळातली घंटा ऐकू येते, आणि खालच्या वाडीतून डोक्यावर ओझं घेऊन चढून आलेली बाई धुक्यातून अचानक समोर येते, चिमुकली नव्हे, आपल्याएवढी. तिला बाजूला होऊन वाट द्यावी लागते.

सौंदर्याची कसोटी मी इथे ठेवेन. जे पाहताना पाहिलं जाणारं माणूस नाहीसं व्हावं लागतं, ते सौंदर्य कच्चं. चौक पॉइंटवर उभे राहाल तेव्हा एवढंच करा. खाली दिसणाऱ्या दोन वाड्यांची नावं घोडेवाल्याला विचारा. तो तिथलाच असण्याची शक्यता बरीच आहे. नावं कळल्यावर दृश्य कमी सुंदर होतं का, ते स्वतः तपासा. मला वाटतं, होत नाही. फक्त ते आपल्या एकट्याचं राहत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.