ड्रायव्हर आप्त आहे का?

मागच्या वेळी शब्दप्रमाण बघितलं. आप्त म्हणजे वस्तू स्वतः जाणणारा, आणि जशी जाणली तशीच सांगणारा. आज हा निकष साउंड कार्डच्या ड्रायव्हरला लावायचा आहे. (हशा) हसा, पण कारण घरगुती आहे.

माझ्या सरांच्या व्याख्यानाची जुनी कॅसेट एकाने संगणकावर उतरवून दिली. ऐकतो तर आवाज सरांचा नव्हेच! पातळ, घाईतला. फाइलमध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि यंत्र वाजवत होतं ४८,००० या दराने. तासाचं व्याख्यान ५५ मिनिटांत आटोपलं, पट्टी जवळजवळ दीडने चढली.

मी ड्रायव्हरवर खापर फोडून मोकळा झालो. एका विद्यार्थ्याने तपासलं. लिनक्सच्या ‘अल्सा’ व्यवस्थेत ड्रायव्हर आपल्याला झेपणारे दर आधीच जाहीर करतो. याने फक्त ४८,००० जाहीर केले होते. प्रोग्रॅमने ‘४४,१०० किंवा जवळचा’ दर मागितला, ‘४८,००० देतो’ असं उत्तर आलं, आणि ते न वाचताच नमुने ओतले गेले. वक्ता खरं बोलला. श्रोत्याचं लक्ष नव्हतं.

आता टीका. सगळेच ड्रायव्हर इतके सरळ नसतात. ‘किमान ते कमाल, मधला कुठलाही दर चालेल’ अशी एक खूण अल्सात आहे. काही जण ती सोय म्हणून लावून टाकतात. घड्याळाच्या क्रिस्टलला विचारलंय कोणी? २४.५७६ मेगाहर्ट्झला ५१२ने भागलं की बरोबर ४८,००० येतात. ४४,१०० हवे असतील तर २२.५७९२ लागतो. पहिल्यालाच नुसतं भागून ४४,१०० मिळवू म्हणाल, तर भाग पूर्ण जात नाही.

याहून अवघड प्रश्न ‘स्यात्’चा. वाजवणं आणि ध्वनिमुद्रण एकाच घड्याळावर असेल, तर दोन्ही दर चालतात हे सुटं सुटं खरं. एकदम दोन्ही मागितले की खोटं. अशी अट प्रवाह उघडताना जोडायची तरतूद अल्सात आहे, तरी ती न जोडणाऱ्याला मी आप्त म्हणणार नाही. नमुन्यांचं रूपांतर करायला माझी हरकत नाही. १४७ नमुन्यांचे १६० करा, पण ते ‘प्लग’सारख्या वेगळ्या थरात, सांगून करा.

आमची फाइल तशी वाजवली. सर ‘परंतु’ म्हणाले की थोडं थांबायचे. ते थांबणं पूर्ण लांबीचं परत ऐकू आलं.