मचाणाचे साहित्य आणि हलकेपणाचा निकष : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

मराठीतील शिकारकथा व अरण्यविषयक लेखन यांत मचाण वारंवार येते. परंतु ते कशाचे बांधले, कोणी बांधले आणि त्याचे वजन किती होते, यांविषयी हे लेखन बहुधा मौन बाळगते. जिम कॉर्बेटने 1926 मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या आंब्याच्या झाडावरील मचाणावरून टिपला, हे मराठी वाचकास ज्ञात आहे. त्या नेमाचे जेवढे कौतुक झाले, तेवढे फळ्यांचे व दोरांचे झाले नाही. या मौनाचे कारण उघड आहे. संस्थानी व साहेबी शिकारीत मचाणाचे सामान शिकाऱ्याच्या खांद्यावर नसे. ते हाकाऱ्यांच्या व गावकऱ्यांच्या डोक्यावर असे. ज्याला ओझे वाहावे लागत नाही, त्याला हलकेपणाचा प्रश्न पडत नाही.

अमेरिकेत मात्र हा प्रश्न तीव्र झाला, कारण तेथील शिकारी एकटा असतो व बैठक स्वतःच्या पाठीवर नेतो. ॲल्युमिनियमच्या अशा काही बैठका सात-आठ किलोंहूनही कमी वजनाच्या असतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारीचे मचाण इतिहासजमा झाले. उरले ते दोन प्रकार : बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील प्राणिगणनेचे आणि शेतातील राखणीचे. बीड जिल्ह्यात हा दुसरा प्रकार ‘माळा’ या नावाने परिचित आहे.

माळ्याची रचना साधी. बाभळीच्या चार मेढी, त्यांवर आडवे वासे, वर तुराट्या व कडबा आणि हे सारे आवळणारी अंबाडीची किंवा केकताडाची दोरी. बालाघाटाच्या या कोरड्या पट्ट्यात बांबू मुबलक नाही, म्हणून बाभूळ. बाभूळ जड खरी. पण हंगामभर एका जागी उभ्या राहणाऱ्या रचनेला ते जडपण बाधत नाही, उलट वाऱ्यात उपयोगी पडते. हलके असावे लागते ते वरचे अंथरूण, आणि तुराटीइतके हलके व फुकटचे दुसरे काय आहे?

‘ॲल्युमिनियम हलके म्हणून श्रेष्ठ’ हे विधान पदार्थविज्ञानाच्या कसोटीवरही अर्धेच टिकते. पोलादाची घनता सुमारे 7.85, ॲल्युमिनियमची 2.7 व बांबूची साधारण 0.7 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मात्र ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या जेमतेम एक-तृतीयांश आहे. त्यामुळे घनतेच्या हिशेबात दोन्ही धातू जवळजवळ बरोबरीत येतात. फरक पडतो तो वाकणाऱ्या आडव्या वाशात. तेवढ्याच लांबीचा, त्याच आकाराच्या छेदाचा व तितकाच ताठ वासा ॲल्युमिनियमचा केल्यास वजन पोलादाच्या सुमारे 58 टक्के भरते. बांबूचा केल्यास सुमारे एक-तृतीयांशच. महागड्या कार्बन तंतूशी स्पर्धा करू शकणारे हे गवत आहे, एवढे तरी मान्य करावे लागते. अर्थात वाळवी व ओल यांपुढे ते धातूइतके टिकत नाही.

या चर्चेला केवळ तांत्रिक मूल्य नाही. नोव्हेंबर-डिसेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. 18 डिसेंबर 2020 रोजी करमाळा तालुक्यात त्या बिबट्यास ठार करण्यात आले. त्या काळात रात्री पिकाला पाणी देणे व राखणीस जाणे हे जिवावरचे काम झाले. बिबट्या झाडावर चढतो. तेव्हा केवळ उंची हे संरक्षण नव्हे. नीलगाय, रानडुक्कर यांच्यासाठी माळा पुरतो, बिबट्यासाठी भोवती आडोसा लागतो, आणि आडोशाने वजन वाढते. हलकेपणाचा निकष येथे राखणदाराच्या जिवाशी भिडतो.

शिवाय अपघात क्वचितच पदार्थाच्या ताकदीमुळे होतो. तो सांध्यात होतो. केकताडाची दोरी खरबरीत असल्याने बाभळीच्या सालीला धरून राहते. गुळगुळीत नळीवर नायलॉनची गाठ सरकते, आणि उन्हाने नायलॉन कमजोर होते. अंबाडी-केकताडाचे दोर वळण्याची कला ज्या मातंग कारागिरांकडे होती, त्यांच्या ज्ञानाची नोंद शिकारसाहित्याने घेतली नाही आणि अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांनीही नाही. अमेरिकेतही बैठकीवरून पडणे हे शिकाऱ्यांच्या इजांचे एक प्रमुख कारण ठरले, म्हणून तेथे अंगाला बांधावयाचा पट्टा आवश्यक मानला जातो. संपूर्ण सामानात सर्वांत हलकी वस्तू हीच, आणि माळ्यावर नेमकी तीच आढळत नाही.