सर्पविष आणि कर्करोग : बातमीत काय राहून जाते?

सर्पविषातील विकरांनी कर्करोगाच्या पेशी मरतात, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात आणि पुढे विज्ञान प्रदर्शनातील तक्त्यांवर चढतात. या बातम्या बहुधा खोट्या नसतात. पण त्या अर्ध्यावर थांबतात. रत्नागिरीकरांना हा विषय परका नाही, कारण आपल्या कातळसड्यांवर दगडांखाली आढळणाऱ्या फुरशाच्या विषावर या दिशेने बरेच काम झाले आहे.

फुरशाच्या विषात प्रथिने तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइमे, भरपूर असतात. काही केशवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. इकॅरिन हे विकर प्रोथ्रोम्बिनला कार्यान्वित करते; त्यामुळे रक्त गोठवणारे घटक वापरून संपतात आणि रक्त गोठेनासे होते. म्हणूनच दंश झालेल्या माणसाचे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवून ते गोठते का, हे डॉक्टर पाहतात.

आता कर्करोगाकडे वळू. अनेक सर्पविषांत एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज हे विकर असते. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत ते घातले, की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊन पेशी मरतात. पण हायड्रोजन पेरॉक्साइड निरोगी पेशींनाही सोडत नाही. बशीतल्या पेशी फिनाइलनेही मरतील! तेव्हा किती पेशी मेल्या, एवढे सांगून भागत नाही. निरोगी पेशी किती वाचल्या, हा खरा प्रश्न; बातमीत नेमका तोच नसतो.

दुसरा दोष सरसकट सगळ्याला विकर म्हणण्याचा. फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन हे अवघ्या ४९ अमिनो आम्लांचे प्रथिन विकर नव्हे. ते काही तोडत नाही. पेशींच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांना चिकटून बसते. गाठ पसरताना इंटिग्रिनांची मदत होते, म्हणून कर्करोग संशोधकांना त्यात रस आहे. मात्र या अभ्यासातून प्रत्यक्षात आलेले टिरोफिबान हे औषध हृदयविकाराचे. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात विषाचा थेंबही नाही. रेणूतील कामाचा भाग ओळखून त्याची नक्कल प्रयोगशाळेत घडवलेली आहे.

विकर हे कर्करोगावरचे औषध होऊच शकत नाही, असे मात्र नाही. जिवाणूंपासून मिळणारे अ‍ॅस्परॅजिनेज एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात. त्या रोगाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन पुरेसे तयार करता येत नाही, बहुतेक निरोगी पेशींना येते. रोगी आणि निरोगी पेशींतला हा फरक हाती लागला, म्हणून औषध झाले. सर्पविषातील विकरापासून बनलेले कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही.

हा काथ्याकूट कशासाठी? अर्धी बातमी वाचून एखादा रुग्ण चालू उपचार सोडून विषाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पुड्यांकडे वळू शकतो. म्हणून असा तक्ता घेऊन विद्यार्थी आला, तर त्याला तीन प्रश्न जरूर विचारा : प्रयोग बशीत झाला, प्राण्यात की माणसात? निरोगी पेशींचे काय झाले? नेमका कोणता रेणू? उत्तरे शोधताना तो जे शिकेल, ते तक्त्यावरच्या मथळ्यापेक्षा मोलाचे असेल.