दृश्याचा विस्तार, अनुभवाचा संकोच : 'स्क्वेअर' या जपानी गेम-संस्थेच्या ऱ्हासाची मीमांसा

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जपानमध्ये जे नवे कथनप्रकार रुजले, त्यांत भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमचे स्थान महत्त्वाचे आहे. या प्रकारात खेळाडू केवळ शत्रूवर मात करीत नाही; तो एका पात्रसमूहाबरोबर दीर्घ प्रवास करतो आणि तीस-चाळीस तास एखादी कथा जगतो. 'स्क्वेअर' या संस्थेने १९८७ साली हिरोनोबु साकागुची यांच्या दिग्दर्शनाखाली 'फायनल फॅन्टसी' हा खेळ प्रसिद्ध केला आणि पुढील दीड दशकात या प्रकारावर आपली मुद्रा उमटवली. नंतर मात्र तिच्या निष्ठावंत चाहत्यांमध्येच निराशा दाटत गेली. या ऱ्हासाचे खापर बहुधा २००३ साली 'एनिक्स' या प्रतिस्पर्धी कंपनीशी झालेल्या विलीनीकरणावर फोडले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे, कारण ऱ्हासाची लक्षणे त्यापूर्वीच दिसू लागली होती. ज्या प्रवृत्तीने संस्थेची हानी केली, ती तिच्या सर्वांत मोठ्या यशातच दडलेली होती. दृश्य अधिकाधिक परिपूर्ण करण्याच्या ध्यासात खेळाडूच्या कल्पनेला व निवडीला उरणारी जागा आक्रसत गेली.

सूचनेचे सामर्थ्य

१९९४ साली प्रसिद्ध झालेला 'फायनल फॅन्टसी'चा सहावा भाग या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. त्यातील पात्रे पडद्यावर बोटभर उंचीची. त्यांना आवाज नाही, चेहऱ्यावरील भाव दाखवण्यास पुरेशी जागा नाही. मान खाली घालणे, पाठ फिरवणे, हात उंचावणे एवढ्याच हालचालींवर सारा अभिनय उभा आहे. तरीही सेलेस ही नायिका संगीतिकेच्या रंगमंचावर गाते, तो प्रसंग आजही या प्रकारातील उत्कृष्ट प्रसंगांत गणला जातो. यंत्राला गाता येत नव्हते. नोबुओ उएमात्सु यांनी मानवी आवाजाचा केवळ भास निर्माण केला आणि गीताचे शब्द पडद्यावर अक्षरांत उमटले. उरलेले गाणे खेळाडूने मनात पूर्ण केले. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अभिधा तोकडी होती, म्हणून व्यंजनेला अवकाश मिळाला.

याहून महत्त्वाचा प्रसंग पुढे येतो. कथेच्या मध्यावर खलनायक केफ्का विजयी होतो आणि जग उद्ध्वस्त होते. एका निर्जन बेटावर सेलेस शुद्धीवर येते. तिची शुश्रूषा करणारा वृद्ध सिड आता स्वतःच अंथरुणाला खिळला आहे. खेळाडूने समुद्रातून मासे पकडून त्याला खाऊ घालायचे असतात. चपळ मासे दिल्यास तो बरा होतो, मंद गतीचे मासे दिल्यास त्याची प्रकृती खालावते आणि अखेर तो मरण पावतो. तो जगो वा मरो, कथा पुढे जाते. परंतु तो मेल्यास सेलेस कड्यावरून उडी घेते आणि त्यातूनही बचावते. खेळ येथे उपदेश करीत नाही, शिक्षाही देत नाही. निवडीचे ओझे खेळाडूच्या हातांत राहते. त्यानंतर विखुरलेल्या सोबत्यांपैकी बहुतेकांना कोणत्या क्रमाने शोधायचे, किंबहुना शोधायचे की नाही, हेही त्याच्यावरच सोपवलेले आहे. कादंबरीला वा चित्रपटाला हे साधणारे नाही. 'स्क्वेअर'वरील लोकांचे प्रेम या ठिकाणी होते.

शिखर आणि वळण

१९९७ साली सातवा भाग प्रसिद्ध झाला. कार्ट्रिजला चिकटून राहिलेल्या निन्टेन्डोची साथ सोडून संस्था सोनीच्या प्लेस्टेशनकडे वळली होती आणि हा खेळ तीन सीडींवर आला. पुढे त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. एरिथचा मृत्यू जगभरच्या खेळाडूंना चटका लावून गेला. पात्रांचे हात लाकडी ठोकळ्यांसारखे होते, हे कोणाला खुपले नाही. त्या काळात संस्थेची निर्मिती थक्क करणारी होती. 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' (१९९७), 'झेनोगिअर्स' (१९९८), 'क्रोनो क्रॉस' (१९९९), 'व्हेग्रंट स्टोरी' (२०००) अशा एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या कृती एकाच छताखाली निर्माण होत होत्या. त्यांतील काही सदोषही होत्या. 'झेनोगिअर्स'ची दुसरी सीडी तर बरीचशी निवेदनावरच उरकलेली आहे. पण अशा मध्यम आकाराच्या प्रयोगांतूनच दिग्दर्शक घडत होते.

सातव्या भागाच्या यशातून संस्थेने मात्र निराळाच धडा घेतला. लोकांना कथेतील धक्का भावला होता. संस्थेला वाटले, चलच्चित्रे भावली. साकागुची यांनी होनोलुलू येथे चित्रपटनिर्मितीचा स्टुडिओ उभारला आणि २००१ साली 'द स्पिरिट्स विदिन' हा पूर्णतः संगणकनिर्मित चित्रपट प्रदर्शित झाला. सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्चून त्याची जगभरची कमाई साधारण ८.५ कोटी डॉलरपर्यंतच पोहोचली. पैशाच्या हानीपेक्षा माणसांची हानी मोठी ठरली. साकागुची यांनी २००३ साली संस्था सोडली, पुढच्या वर्षी उएमात्सु बाहेर पडले. 'झेनोगिअर्स'चे दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी १९९९ मध्येच गेले होते, आणि यासुमी मात्सुनो बाराव्या भागाचे काम अपुरे असताना २००५ साली निघून गेले.

सरळ रस्ता

२००१ सालच्या दहाव्या भागात पात्रांना प्रथमच आवाज मिळाला आणि पायी भटकण्याचा जगाचा नकाशा नाहीसा झाला. विमान उरले, पण ते यादीतून ठिकाण निवडण्यापुरते. तेथे हे शोभून गेले, कारण कथाच एका तीर्थयात्रेची होती आणि यात्रेची वाट ठरलेलीच असते.

तेराव्या भागाला असा आधार नव्हता. २००६ साली घोषित झालेला हा खेळ २००९ च्या डिसेंबरात आला. त्याचे पहिले दहा अध्याय म्हणजे जवळजवळ एकच लांब बोळ आहे. गावे अशी नाहीतच. खरेदीही जतनस्थानावरील यंत्रातून करायची. पात्रांची शक्ती किती वाढावी याची मर्यादासुद्धा प्रत्येक अध्यायागणिक आखून दिलेली आहे. त्याची युद्धपद्धती कल्पक आहे हे मान्य केले पाहिजे, परंतु कथेतील परिभाषा समजण्यासाठी खेळाडूला वारंवार टिपणांचा कोश उघडावा लागतो. पूर्वी जे न दाखवता कळत होते, ते आता सर्व दाखवूनही कळेनासे झाले. खुद्द निर्मात्यांनीच नंतर लिहिले, की नवे सामाईक तंत्र-इंजिन घडवण्याच्या कामाने खेळाचा खोळंबा केला आणि प्रात्यक्षिक आवृत्ती तयार होईपर्यंत आपण नेमके काय घडवत आहोत याविषयी चमूत एकवाक्यता नव्हती. त्याच वेळी घोषित झालेला जोडखेळ तर नाव बदलून पंधरावा भाग म्हणून २०१६ साली अवतरला. एका कृतीसाठी दहा वर्षे लागत असतील, तर तरुण दिग्दर्शकांनी चुका करायच्या कुठे आणि शिकायचे कधी?

यंत्रे बदलली, म्हणून हे अटळ होते, असा बचाव केला जातो. ताकाहाशी यांच्या नव्या संस्थेने जून २०१० मध्ये निन्टेन्डोच्या वी या तुलनेने दुबळ्या यंत्रावर 'झेनोब्लेड' हा खेळ आणला. त्यातील चेहरे ओबडधोबड आहेत, पण क्षितिजावर दिसणाऱ्या डोंगराकडे खेळाडू खरोखर चालत जाऊ शकतो. तेव्हा अडचण यंत्राची नव्हती, अग्रक्रमाची होती.

याची कबुली संस्थेच्या आतूनही मिळाली. चौदावा भाग हा ऑनलाइन खेळ २०१० साली इतका सदोष निघाला, की संस्थेला जाहीर क्षमा मागावी लागली. नाओकी योशिदा यांनी तो नव्याने घडवला आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये त्याचा पुनर्जन्म झाला. मूळ आवृत्तीतील फुलाच्या एका कुंडीवर खेळाडूच्या पात्राएवढेच चित्रणाचे तपशील खर्ची पडले होते, असे योशिदा यांनी २०१४ सालच्या एका व्याख्यानात सांगितले. त्यांनी कुंडी साधी केली आणि माणसांना वावरायला जागा दिली. पुढील दशकात संस्थेच्या उत्पन्नाचा हा एक मोठा आधार ठरला.

संस्थेच्या मुख्य वाटेवर मात्र याचा परिणाम मर्यादितच दिसतो. सातव्या भागाची २०२० सालची नवी आवृत्ती डोळे दिपवणारी आहे. मिडगार या नगरीची गल्लीन् गल्ली तीत साकार झाली आहे. १९९७ मध्ये काही तासांत खेळाडू या नगरीच्या वेशीबाहेर पडत असे. पडदा अकस्मात मोकळा होई, हिरवे-करडे माळरान चहूकडे पसरे, आणि इतका वेळ जिला आपण जग समजत होतो ती नगरी मागे एक ठिपका होऊन राही. २०२० सालचा खेळ त्या वेशीवरच संपतो.