टक्के मंदावले, माणसं नाही

‘झपाट्याने वाढणारं शहर’ असा परिचय वाचताना तुमची नजर आधी कुठे जाते? बहुतेकांची टक्केवारीवर. तिथेच अशा परिचयांची गफलत होते.

टेक्सासमधलं फ्रिस्को घ्या, डॅलसच्या उत्तरेचं उपनगर. जनगणनेनुसार इथे २००० साली ३३,७१४ लोक होते, २०१० मध्ये १,१६,९८९ आणि २०२० मध्ये २,००,५०९. पहिल्या दशकातली वाढ २४७ टक्के, दुसऱ्यातली ७१. ‘वेग मंदावला’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं ना? आता साधी वजाबाकी करा: आधी ८३,२७५ माणसं वाढली, नंतर ८३,५२०. म्हणजे भर जवळपास तेवढीच पडली, मोठा झाला तो छेद. आणि शाळा, नळाचं पाणी, रस्ते माणसांना लागतात, टक्क्यांना नाही.

दुसरी उणीव म्हणजे या परिचयांत जमीन नसतेच. फ्रिस्को उभं आहे ब्लॅकलँड प्रेअरीवर. तिथली काळी चिकण माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीसारखीच: ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि घरांचे पाये हलवते. मूळचं गवताळ रान आधी नांगराखाली गेलं, उरलेलं शहरांखाली. आज त्याचे तुकडेच शिल्लक आहेत.

तेव्हा तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘वाढ’ हा शब्द आला की त्याला दोन प्रश्न विचारा: किती आकड्यावरून? आणि कशाच्या जागेवर?